दुष्काळाचा धनी कोण?

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही सांगितले : जगातल्या दुःखाला देव जबाबदार की माणूस? चालक थोडे हसले. युनियनच्या माणसाने बोनसवर बोलावे, महागाईवर बोलावे. तत्त्वज्ञानाचे हे लोढणे त्याने गळ्यात कशाला बांधून घ्यावे, असा त्या हसण्याचा अर्थ होता, आणि तो रास्त होता. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढचे जे काही झाले ते नगरवाचनालयाच्या बाकावर आणि संपाच्या मांडवात. वेदान्तावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु हा प्रश्न आमच्याकडे पोथीतून आलेला नाही. तो एका चरीतून वर आला आहे.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर आमच्या शहरात नळाच्या कामासाठी खणलेली एक खोल चर ढासळली. जमीन काळी, चर पुरुषभर उंचीहून खोल, आणि आदल्या रात्री अवकाळी पाऊस झालेला. आत दोन मजूर होते. एकाला लोकांनी हातांनी माती उपसून बाहेर काढले; दुसरा गेला. चौकशी झाली. अहवालात लिहिले होते की, अवकाळी पावसामुळे जमीन खचून ही दुर्दैवी घटना घडली, यात कोणाचाही दोष दिसून येत नाही. तो अहवाल वाचून आम्ही गेलेल्या पोराच्या आईकडे गेलो. ती माउली म्हणाली, "देवाच्या मनात होतं, भाऊ. त्याच्यापुढं कुणाचं चालतंय?"

आता पाहा, अर्थ एकच, पण तो दोन तोंडांतून निघाला. अहवाल लिहिणाराने पावसाकडे बोट दाखवले ते आपली मान सोडवून घेण्यासाठी. त्या आईने देवाकडे बोट दाखवले ते उद्या सकाळी उठून चूल पेटवता यावी म्हणून. ही दोन बोटे एकाच दिशेला दाखवीत होती म्हणून ती सारखी होत नाहीत. असे असता आमच्या चळवळीतले काही जण, आणि तरुणपणी आम्ही स्वतःही, त्या आईला अडाणी म्हणून मोकळे होत असू आणि अहवालाला नुसते खोटे म्हणत असू. मग आमच्या मनात आले की, या प्रश्नाचा इतिहास एकदा नीट पाहावा. पाऊस आणि देव आणि माणूस हे तिघे जिथे एकत्र उभे आहेत असे एक प्रकरण आपल्याच मुलखात घडून गेले आहे. ते म्हणजे १८७६–७७ चा दुष्काळ.

त्याआधी दोन शब्द जुन्या काळाविषयी. आपल्या लोकांनी दुष्काळाला फार पूर्वीपासून देवाचे नाव दिले आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस जो मोठा दुष्काळ पडला, बारा वर्षे टिकला असे परंपरा सांगते, त्याला लोक दुर्गादेवीचा दुष्काळ म्हणत. संकटाला देवीचे नाव! तुकोबांच्या काळी १६३० च्या सुमारास जो काळ आला त्यात त्यांची पहिली बायको अन्नान्न करीत गेली, मूल गेले, व्यापार बुडाला. तुकोबांनी त्यावर काय केले? परंपरा सांगते की, घरातल्या कर्जखतांतला भावाचा वाटा त्याला देऊन आपला वाटा त्यांनी इंद्रायणीत बुडवला. पाऊस पाडणे तुकोबांच्या हाती नव्हते. खत बुडवणे होते. भक्तीच्या गोष्टीत ही बाब आपण फार घाईने ओलांडतो.

आणि दामाजीपंतांची गोष्ट तर आमच्या गावाजवळची, मंगळवेढ्याची. बहामनी राज्यातला हा कमाविसदार. दुष्काळात लोक मरू लागले तेव्हा त्याने सरकारी अंबार फोडून लोकांना धान्य दिले. बेदरच्या बादशहाने पकडून आणायचा हुकूम सोडला. मग विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेतले, दरबारात जाऊन धान्याची किंमत चुकती केली आणि पावती घेतली, अशी कथा आहे. लहानपणी कीर्तनात ऐकताना आम्हांला यातला चमत्कार तेवढा आवडे. पुढे हिशेबाच्या वह्या तपासायचा धंदा पत्करल्यावर निराळीच गोष्ट ध्यानात आली. कथा रचणाऱ्या लोकांनी देवाकडून पाऊस पाडून घेतला नाही. अंबारही देवाकडून उघडवला नाही. कुलूप काढले ते माणसाने, नोकरी आणि मान दोन्ही धोक्यात घालून. देव आला तो मागाहून, बिल भरायला. आणि येताना त्याने ना ब्राह्मणाचे रूप घेतले ना सरदाराचे, गावकुसाबाहेरच्या माणसाचे घेतले. आमच्या मते देव आणि माणूस यांच्यातली कामाची वाटणी या कथेने पुष्कळ पंडितांपेक्षा नीट सांगितली आहे.

पंडितांनी प्रश्न टाळला असे मात्र कोणी समजू नये. ब्रह्मसूत्रात दुसऱ्या अध्यायात ही शंका सरळ उभी केली आहे : एकाला सुखात लोळवणारा आणि दुसऱ्याला दुःखात लोटणारा ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही काय? शंकराचार्यांनी उत्तर दिले की, नाही. कारण ईश्वर ज्याच्या त्याच्या कर्माला अनुसरून फळ देतो. आणि त्यासाठी त्यांनी दृष्टान्त घेतला तो नेमका पावसाचा. पाऊस सर्वांवर सारखाच पडतो. भात उगवतो की जव, हा भेद बियाण्यातला आहे. दृष्टान्त सुंदर आहे. वाचनालयात तो प्रथम वाचला तेव्हा आम्ही बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. पण शेतात राबलेल्या माणसाच्या मनात लगेच दुसरा प्रश्न येतो. बी आणि पाऊस यांच्या मध्ये शेत आहे, आणि शेत कोणाच्या नावावर आहे? पेरले एकाने आणि कापून नेले दुसऱ्याने, तर ते कोणाच्या कर्माचे फळ? ख्रिस्ती पंडितांनी तोडगा काढला की, देवाने माणसाला निवड करण्याचे स्वातंत्र्य दिले, त्या स्वातंत्र्याचा दुरुपयोग म्हणजे पाप, आणि पापातून दुःख. इथेही आमची अडचण तीच. निवड करणारा एक आणि दुःख भोगणारा दुसरा असेल, तर भोगणाराला त्याच्या स्वातंत्र्याचे काय सांगता? या दोन्ही उत्तरांत एकच माणूस धरलेला आहे. जगात मात्र माणसे दोन असतात, आणि बहुधा एकाच्या हाती दुसऱ्याची शिधापत्रिका असते.

आता मूळ प्रकरणाकडे येऊ.

१८७६ साली दख्खनचा पाऊस गेला. आज आपल्याला ठाऊक आहे की पॅसिफिक महासागराचे पाणी एका बाजूला तापले की आपल्याकडचा मान्सून दुबळा पडतो. शास्त्रज्ञ त्याला एल निनो म्हणतात, आणि १८७६ ते ७८ चा एल निनो ज्ञात इतिहासातल्या प्रबळांपैकी होता. त्याच सुमारास चीनच्या उत्तर भागात आणि ब्राझीलमध्येही माणसे दुष्काळाने मेली. तेव्हा पाऊस न पडणे हा कोणा लाटसाहेबाचा गुन्हा नव्हता, हे आम्ही आधीच मान्य करून टाकतो. सोलापूर, नगर, पुणे, सातारा, कलादगी, बेळगाव, धारवाड हे जिल्हे कोरडे गेले. खाली मद्रास इलाख्यात आणि म्हैसूरला याहून वाईट दशा होती.

पण पाऊस गेला तेव्हा कुणबी कोणत्या स्थितीत होता? आदल्याच वर्षी, १८७५ च्या मे महिन्यात, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली होती आणि ते लोण नगरपर्यंत गेले होते. धारा रोकडीने भरायचा, तो पिकाच्या आधी कर्ज काढून भरायचा, आणि कर्जापायी पीक खळ्यावरूनच जायचे, असे चक्र चालू होते. पूर्वी चार चांगल्या वर्षांचे पेव एका वाईट वर्षाला पुरत असे. पेव रिकामे झाले होते. म्हणजे पाऊस गेला त्याच्या आधीच त्याला सोसण्याची ताकद कोणीतरी काढून नेली होती. दुष्काळ आकाशात सुरू होतो असे म्हणतात. आम्हांला वाटते तो वहीत सुरू होतो.

पाऊस गेल्याबरोबर शेतावरचे काम थांबले. ज्याची जमीन होती त्याने बैल विकले, भांडी विकली. ज्याला जमीनच नव्हती, जो मजुरीवर जगत होता, त्याच्याजवळ विकायला हात होते आणि हातांना गिऱ्हाईक नव्हते. पुढे १८८० च्या सरकारी दुष्काळ कमिशननेही हेच नमूद केले की, अवर्षणाचा पहिला घाव मजुरीवर पडतो. आणि धान्य? धान्य देशात मुळीच नव्हते असे नाही. आगगाडी सोलापूरपर्यंत १८६० सालीच पोहोचली होती आणि तिथून पुढे रायचूरला गेली होती. धान्य येऊ शकत होते आणि येतही होते. पण ते बाजारभावाने येत होते, आणि ज्या भावाने येत होते तो मजुराच्या आवाक्याबाहेर होता. त्याच काळात उत्तरेकडचा तीन लाख टनांहून अधिक गहू बोटींत भरून युरोपला गेला. भुकेल्या माणसाकडे पैसा नसेल तर त्याची भूक बाजाराला ऐकू जात नाही. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाचा अभ्यास करून अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात हा मुद्दा शास्त्रीय रीतीने मांडला.

आता ज्या इसमामुळे आम्ही हे प्रकरण निवडले त्याच्याकडे येऊ. त्याचे नाव सर रिचर्ड टेंपल. १८७३–७४ साली बिहारमध्ये असेच अवर्षण आले होते. तेथील मदतकार्य टेंपलच्या हाती होते. त्याने सरकारी खर्चाने ब्रह्मदेशाहून तांदूळ आणवला. साडेचार लाख टनांच्या आसपास. कामे काढली, अपंगांना घरबसल्या धान्य दिले. काय झाले? बिहारमध्ये भूकबळी जवळजवळ पडलेच नाहीत. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी अमलात एवढे मोठे दुष्काळी संकट इतक्या थोड्या जीवहानीवर निभावल्याचे दुसरे उदाहरण आमच्या वाचनात नाही. परंतु खर्च सहा कोटी रुपयांच्या वर गेला आणि टेंपलवर टीकेची झोड उठली. लंडनच्या 'इकॉनॉमिस्ट' पत्राने तर आक्षेप घेतला की, आपल्याला जिवंत ठेवणे हे सरकारचे कर्तव्य आहे अशी समजूत यामुळे हिंदी लोकांची होईल. माणसे मेली म्हणून नव्हे, वाचली म्हणून हा अधिकारी बदनाम झाला.

१८७७ च्या जानेवारीत हाच टेंपल मद्रास आणि मुंबई इलाख्यांच्या पाहणीवर आला. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने त्याला काटकसर करण्यासाठी पाठवले होते, आणि या वेळी टेंपलला आपले नाव धुऊन काढायचे होते. त्याने दुष्काळी कामावरच्या मजुरीचा दर खाली आणला : धडधाकट पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर मिरचीमिठापुरती किरकोळ रोकड, बाईला आणि मुलाला त्याहून कमी. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. आमच्या बहिणींना विचारा, साडेचारशे ग्रॅम ज्वारीच्या भाकरी किती होतात. आणि मग दिवसभर खडी फोडून पाहा. मद्रासचा आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश याने त्या वेळीच सांगितले की, एवढ्या अन्नावर मेहनत करणारे शरीर टिकत नाही. तो इंग्रजच होता. त्याला दिसले ते टेंपलला दिसत नव्हते असे नाही. तीन वर्षांपूर्वी तेच टेंपलने करून दाखवले होते!

आमच्या विषयाचा सारा गाभा आमच्या मते इथे आहे. माणूस तोच. सरकार तेच. अवर्षण तसेच. बिहारमध्ये माणसे जगली आणि दख्खनमध्ये मेली. मद्रास, म्हैसूर, मुंबई, हैदराबाद हे सारे मुलूख धरून बळींची संख्या पन्नास लाखांच्या वर गेली असे मानले जाते. दोन्ही वेळी देव बदलला नव्हता, आणि बिहारच्या मजुराचे पूर्वकर्म साताऱ्याच्या मजुराहून चांगले होते असे म्हणायला कोणी धजावणार नाही. बदलला होता एक कागद. त्यावर सही होती.

मग मजुरांनी काय केले? शाळेच्या पुस्तकांत हे सहसा आढळत नाही, म्हणून इथे थोडे सविस्तर सांगतो. नवा दर आला, आणि त्याबरोबर हुकूम आला की, गावाजवळची लहान कामे सोडून धडधाकट माणसांनी लांबच्या मोठ्या कामांवर जावे. लोकांनी नकार दिला. कुठे काही जाळपोळ नाही, दंगा नाही; टोपली खाली ठेवली आणि निघाले. जानेवारी ते मार्च या दोन महिन्यांत मुंबई इलाख्यातल्या कामांवरून एक लाखाच्या घरात माणसे अशी उठून गेली. श्रोतेहो, पोट भरलेल्या माणसाचा संप आणि उपाशी माणसाचा संप यांत फरक आहे. आम्ही पस्तीस वर्षे संपच करीत आलो. चौथ्या आठवड्यात मांडवातली माणसे कशी गळू लागतात ते आम्ही पाहिले आहे. पण त्या मांडवात निदान खिचडी शिजत असे. ज्यांच्यापुढे काम सोडले तर मरण आहे आणि धरले तरी सावकाश मरण आहे, त्यांनी मिळून 'या दरात आम्ही मरणार नाही' असे म्हणणे, याला आम्ही काय नाव द्यावे? कामगार चळवळीच्या इतिहासात नागपूरच्या एम्प्रेस मिलमधला १८७७ चा संप पहिल्या संपांपैकी म्हणून सांगतात. ते योग्यच आहे. ती मिल उघडली १ जानेवारी १८७७ ला, आणि त्याच दिवशी दिल्लीत दरबार भरवून लिटनने राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले. पण त्याच महिन्यात दख्खनच्या खडीच्या ढिगांवर जो संप उभा राहिला, त्याला ना युनियन होती ना झेंडा, म्हणून तो आमच्या यादीतून गळला. यादी करणाऱ्यांत आम्हीही होतो, हे कबूल करतो.

या लोकांच्या मागे उभी राहिली पुण्याची सार्वजनिक सभा. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत, ते त्या दिल्ली दरबाराला अंगावर हातच्या सुताची खादी घालून गेले होते. आणि ही वसंत व्याख्यानमालेची प्रथा ज्यांच्या पुण्यातून महाराष्ट्रभर गेली ते माधवराव रानडे, स्वतः सरकारी न्यायखात्यात नोकर, सभेच्या लेखणीमागे होते. सभेने गावोगाव माहिती गोळा केली, दराचे आकडे मांडले, सरकारला अर्जामागून अर्ज केले. त्यात एक युक्तिवाद असा होता की, तुरुंगातल्या कैद्याला देखील यापेक्षा अधिक शिधा देण्याची रीत आहे. म्हणजे प्रामाणिकपणे खडी फोडणाऱ्या कुणब्याने चोरी केली असती तर तो अधिक जेवला असता! कर्म आणि फळ यांचा हा हिशेब कोणत्या शास्त्रात बसवायचा? या सभेत बहुतेक पांढरपेशे होते, आणि पांढरपेशांविषयी आम्ही आमच्या आयुष्यात पुष्कळ कडू बोललो आहोत. पण त्या हिवाळ्यात त्यांनी आपले काम केले. संप मोडला असे म्हणा किंवा विरला असे म्हणा. मजुरांना पुन्हा कामावर यावे लागले. नीरा कालव्याचे, दौंड–मनमाड रेल्वेचे मातीकाम त्या दुष्काळी हातांनी झाले. त्या रेल्वेने आज जो जातो त्याच्या पायाखाली ते आहेत.

आता इंग्रज अधिकाऱ्यांची बाजू. आश्चर्याची गोष्ट म्हणजे त्यांनी देवाचे नाव फारसे घेतलेच नाही. लिटनचा हुकूम असा होता की, धान्याचे भाव उतरवण्याच्या हेतूने सरकारने बाजारात कोणत्याही तऱ्हेने हात घालू नये. या मताला आधार होता अॅडम स्मिथच्या १७७६ सालच्या ग्रंथाचा. टंचाईचा दुष्काळ होतो तो सरकारने बाजारात जबरदस्ती केल्यामुळे, असे त्यात प्रतिपादन आहे. बरोबर शंभर वर्षांनी ते पुस्तक दख्खनच्या कुणब्याला वाचून दाखवण्यात आले. भाव चढले की धान्य आपोआप येईल. माणूस मध्ये पडला तर नियम बिघडेल. आम्ही हे वाचले तेव्हा हसू आले नाही, अंगावर काटा आला. कारण ही भाषा आम्हांला ओळखीची होती. न दिसणारी एक शक्ती आहे, तिचे नियम अटळ आहेत, तिच्या कारभारात माणसाने ढवळाढवळ करू नये, आणि तिच्या इच्छेने जे मरतात त्यांच्याबद्दल कोणालाच जबाब द्यावा लागत नाही. दुर्गादेवीला निदान लोक बोकड कापून, नवस बोलून विनवू तरी शकत होते. या नव्या देवाला देऊळही नव्हते. देवावर हवाला ठेवणारा कुणबी अंधश्रद्ध, आणि भावावर हवाला ठेवणारा व्हाइसरॉय सुशिक्षित! गिरणी बंद पडते तेव्हा आमच्या टेबलापलीकडे बसलेले साहेबलोक आजही म्हणतात, 'मार्केटच तसे आहे.' साहेब बोलतो तेव्हा आम्ही त्याच्या कपाळावर गंध आहे का ते पाहतो.

या साऱ्या गोंधळात एका माणसाने मात्र देव आणि जबाबदारी यांचा हिशेब चोख ठेवला असे आम्हांला वाटते. ते जोतीराव फुले. त्या साली सावित्रीबाई जुन्नर भागात सत्यशोधक कार्यकर्त्यांबरोबर दुष्काळाच्या कामात होत्या, आणि धनकवडीला फुल्यांनी व सत्यशोधक समाजाने दुष्काळातल्या मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालवला. फुले नास्तिक नव्हते, हे आमच्या काही मित्रांना आवडत नाही. ते निर्मिक मानत. पण त्यांचा निर्मिक कोणाचे पूर्वकर्म तपासत बसत नाही. त्याने पृथ्वी सर्वांसाठी केली. ती नासवली ती माणसांनी, नावागावाच्या माणसांनी. भटाने, सावकाराने, कचेरीतल्या कामगाराने आणि त्यांच्यावर डोळे झाकून विसंबलेल्या गोऱ्या अधिकाऱ्याने. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली पुरा झाला. त्यात देवाविरुद्ध फिर्याद नाही, आणि देवाच्या आड लपण्याची मुभाही कोणाला नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात. कमिशनचा अहवाल १८८० साली आला, त्यावरून दुष्काळाचे कायदे-नियम झाले. म्हणजे काय करायचे हे सरकारने प्रथमच लिहून ठेवले. १८९६ साली पुन्हा पाऊस गेला तेव्हा टिळकांनी तेच नियम मराठीत छापून गावोगाव वाटले आणि लोकांना सांगितले, ही भीक नव्हे, हा तुमचा हक्क आहे. आमच्या धंद्याची ही खरी सुरुवात म्हणायची. तरी १८९९–१९०० च्या छपन्नच्या दुष्काळात पुन्हा माणसे मेलीच. नियम कागदावर असणे आणि मामलेदाराच्या हातून उतरणे यांत अंतर असते.

मग १९७२. लागोपाठ वर्षे वाईट गेली होती, आणि त्या साली महाराष्ट्रात धान्य नेहमीच्या निम्म्यावर आले. पाऊस १८७६ सारखाच रुसला होता. पण १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या घरात माणसे होती. आमची आई त्यांतली एक. आम्ही तेव्हा दोन-तीन वर्षांचे. बाभळीला बांधलेल्या झोळीत आम्हांला टाकून ती नालाबांधावर माती वाहत असे, असे ती सांगे. लाल मिलोची भाकर घशाखाली उतरत नसे, सुकडीला वास येई, पगार पंधरा पंधरा दिवस लांबत, मोजमापात मुकादम मारत. त्यासाठी मोर्चे निघाले, कामे बंद पडली. म्हणजे ते काही रामराज्य नव्हते. पण माणसे लाखांनी मेली नाहीत. त्याच अनुभवातून, वि. स. पागे यांच्या आग्रहाने, रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. टेंपलच्या दरानंतर बरोबर शंभर वर्षांनी काम मागणे हा कायद्याने हक्क ठरला. आमच्या आईला कोणी विचारले की, त्या सालात कसे निभावले, तर ती म्हणे, "पांडुरंगानं तारलं." आम्ही एकदा तरुणपणाच्या तोऱ्यात म्हणालो, "पांडुरंगानं नाही, सरकारी कामानं तारलं." ती म्हणाली, "काम काढायची बुद्धी कुणी दिली?" यावर आम्ही खूप विचार केला आहे. आमच्याजवळ उत्तर नाही. एवढे मात्र दिसते की, तिचा देव दामाजीच्या देवासारखा होता. तो कुलूप काढणाऱ्याच्या बाजूने उभा होता. टेंपलच्या बाजूने तिने त्याला कधी उभे केले नसते.

इथे आमच्यावर आक्षेप येईल, आणि तो आमच्याच एका वारकरी सोबत्याने घेतला आहे. तो म्हणाला, "दुष्काळाचं ठीक आहे. पण माझी नात जन्मताच हृदयाला भोक घेऊन आली. तिथं कोणाची सही दाखवता?" सही नाही. आम्ही तिथे गप्प बसलो, आजही बसतो. सगळे दुःख माणसाने केलेले आहे असे सांगणारा माणूस, सगळे देवाने केले म्हणणाऱ्याइतकाच खोटे बोलतो. आमचे म्हणणे एवढेच आहे की, सही आहे की नाही हे पाहिल्याशिवाय फाइल देवाकडे पाठवू नका. आणि अलीकडे तर हिशेब आणखीच अवघड झाला आहे. धूर ओकून आपण हवेचे मान असे बदलवले आहे की, पाऊसही आता निखळ देवाचा राहिला नाही. दिवाळीत धो धो पाऊस पडला की, पूर्वी आम्ही आकाशाकडे पाहत होतो. आता आकाशाकडे पाहून मग खाली पाहावे लागते.

तो दिवाळीचा पाऊस म्हटला आणि चर आठवली. टेंपलवर एवढे बोलल्यानंतर ही एक गोष्ट न सांगता खाली बसलो तर आम्ही त्या अहवाल लिहिणाराहून बरे नव्हे. चर ढासळली त्याच्या दोन दिवस आधी आम्ही त्या कामावर गेलो होतो, थकलेल्या मजुरीची चौकशी करायला. चरीला आधाराच्या फळ्या नव्हत्या. काठाला भेगा होत्या. आम्हांला त्यातले कळते. काळी जमीन ओली झाली की काय करते ते आम्ही लहानपणापासून पाहिले आहे. मुकादमाला विचारले. तो म्हणाला, फळ्या परवा येतील. काम बंद करा म्हणावे असे तोंडावर आले होते. पण मजूरच म्हणाले, "साहेब, बंद करू नका. दिवाळीला चार दिवस राहिले. आता बंद पडलं तर मागचंही बुडतं." आम्ही बंद केले नाही. मजुरीचा कागद तेवढा लिहून घेतला आणि परत आलो. ठेकेदाराचा दोष होता, देखरेख करणाऱ्यांचा होता, आणि आम्ही तो पुढे लेखी मांडला. आमच्या त्या कागदात आमचे स्वतःचे नाव मात्र नव्हते.

भरपाईचे पैसे मंजूर झाले तेव्हा ते सांगायला आम्ही त्या आईकडे गेलो, आणि त्या दिवशी हेही तिला सांगितले. ती भिंतीला टेकून बसली होती. ऐकून घेतले. देवाचे नाव तिने त्या दिवशी काढले नाही, आमचेही काढले नाही. थोड्या वेळाने तिने विचारले की, बरोबरचा तो दुसरा पोरगा, ज्याला वर काढले, तो आता पायावर चालतो का. आम्ही म्हटले, चालतो, थोडा लंगडतो.

"कामावर जातो का?" तिने विचारले.

जातो, म्हटले. तसल्याच कामावर.